धुराशिवायची जादू

मा. संपादक,

स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या वाढदिवसाला ‘जादूगारांची पार्टी’ कशी करावी यावर एक लेख आला होता. फोटो झकास होता. मधोमध काळी हंडी, तिच्यातून पांढराशुभ्र धूर ओसंडतोय आणि झगे घातलेली सहा-सात वर्षांची पोरं हंडीत डोकावताहेत. माझ्या सुनेनं ते पान जपून ठेवलं, कारण तीन आठवड्यांनी नातीचा आठवा वाढदिवस होता आणि तिला जादूगारच व्हायचं होतं. पान माझ्यापुढे ठेवत सून म्हणाली, “आई, हंडीचं खातं तुमच्याकडे.”

खातं माझ्याकडे यायला कारण आहे. मी ३४ वर्षं एका शाळेत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक होते. सर फळ्यावर समीकरण लिहायचे, ते टेबलावर घडेल याची तयारी मी करायची. फुटलेल्या परीक्षानळ्या, पोळलेली बोटं, ‘बाई, चव घेऊन बघितली तर चालेल का’ असं विचारणारे महाभाग, सगळं पाहून झालंय. त्यामुळे तो लेख वाचताना फोटोतल्या धुराकडे माझं लक्ष जरा जास्तच वेळ राहिलं.

तो धूर ड्राय आइसचा. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड. त्याचं तापमान उणे ७८ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. तो वितळत नाही, थेट वायू होतो. उघड्या हातात धरला तर कातडी भाजल्यासारखी होते. लेखात ‘मुलांच्या सरबताच्या ग्लासात एकेक खडा सोडा, ग्लासातूनही धूर निघेल’ असं सुचवलंय. निघेल, नक्कीच निघेल. पण आठ वर्षांचं मूल धूर संपेपर्यंत थांबत नाही, ते ग्लास तोंडाला लावतं. खडा पोटात गेला तर आत काय होईल, याचा विचार लेखात कुठे दिसला नाही.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही म्हणून जास्त वाईट. तो पांढरा धूर कार्बन डायऑक्साइड नव्हे; थंडीमुळे हवेतल्या वाफेचे झालेले ते बारीक थेंब. खरा वायू अदृश्य असतो, धूर विरला तरी तो खोलीत राहतो. एक किलो ड्राय आइसपासून ५०० लिटरहून जास्त वायू होतो. हवेपेक्षा तो दीडपट जड, म्हणून जमिनीलगत साचतो. आणि खिडक्या लावून अंधार केलेल्या खोलीत जमिनीच्या सगळ्यात जवळ कोण असतं? बुटकी मंडळी, त्यातही हंडीत वाकलेली. उरलेले खडे बाटलीत घालून झाकण लावलं तर बाटली फुटते, तेही लेखात नाही.

मेणबत्त्यांबद्दल थोडक्यात लिहिते. झगे बहुतेक नायलॉनचे किंवा पॉलिएस्टरचे असतात. ते पेटतात, वितळतात आणि कातडीला चिकटतात. कापसाची पांढरी दाढी तर ठिणगीचीच वाट बघत असते. ‘मग बॅटरीवरच्या मेणबत्त्या लावा’ हे बरोबर, पण त्यांच्या तळाचं झाकण स्क्रूनं आवळलेलं आहे ना, हे बघून घ्या. आत नाण्यासारखा चपटा सेल असतो. साधारण २० मिलिमीटरचा हा सेल लहान मुलाच्या अन्ननलिकेत अडकला तर लाळेतून वीज वाहते, सेलपाशी तीव्र आम्लारी तयार होते आणि दोन तासांत नळी जळू शकते. गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता तडक रुग्णालय गाठायचं.

हे सगळं मी जेवताना सांगितलं. मुलगा म्हणाला, “म्हणजे फुगे लावायचे आणि बसायचं का?” (फुग्यांबद्दलही मला बोलायचं होतं. फुटलेल्या फुग्याचा तुकडा लहान मुलाच्या घशात बसतो. पण सुनेचा चेहरा बघून गप्प राहिले, आणि त्या दिवशी तुकडे मुकाट्यानं वेचत फिरले.)

बसायचं नव्हतंच. माझं म्हणणं एवढंच होतं की धुराच्या हंडीपुढे मुलं नुसती उभी राहतात. जादू हंडी करते, पोरं बघतात. त्यांना बोलावलंय जादूगार म्हणून, तर जादू त्यांच्या हातून व्हायला हवी.

आमंत्रणापासूनच सुरुवात केली. पांढऱ्या जाड कागदावर पांढऱ्या मेणाच्या खडूनं मजकूर लिहिला. वरून पाण्याचे रंग फिरवले की मेणावर रंग बसत नाही आणि अक्षरं उमटतात. नातीनं १४ आमंत्रणं लिहिली. दुसऱ्या दिवशी एका मुलाच्या आईचा फोन, “तुमच्याकडून कोरा कागद आलाय, काही चुकलं का?” एका घरी तर त्या कोऱ्या कागदावर वाण्याच्या सामानाची यादी लिहून झाली होती. तेव्हा कोपऱ्यात ‘रंग फासा’ एवढं तरी साध्या पेननं लिहावं, हा आमचा अनुभव.

टोप्यांचं गणित कुणाला हवं असेल तर देते. मुलाच्या डोक्याचा घेर ५२ सेंटिमीटर धरला तर ३३ सेंटिमीटर त्रिज्येचं पाव वर्तुळ कापायचं. त्याची गुंडाळी केली की जवळपास ३२ सेंटिमीटर उंच शंकू होतो. अर्धवर्तुळ घेतलं तर त्रिज्या साडेसोळाच लागते, पण टोपी बुटकी, विदूषकाची वाटते. आमची पहिली टोपी तशीच झाली; ती माझ्या मुलाच्या डोक्यावर चढवली. झग्याला गळ्याशी नाडी बांधू नका, कुठे अडकली तर फास बसतो. वेल्क्रोची पट्टी लावा, ओढ बसली की सुटते. कांड्या वर्तमानपत्राच्या. पान कोपऱ्यापासून तिरकं, घट्ट गुंडाळत न्यायचं, शेवट खळीनं चिकटवायचा आणि वर तपकिरी रंग. टोक मऊ राहतं, त्यामुळे १४ मुलं कांड्या परजत धावली तरी डोळ्याची धास्ती कमी. लाकडाच्या टोकदार कांड्या मी घरात येऊ दिल्या नसत्या. प्रयोगशाळेत आम्ही काचकांडीसुद्धा जपून धरायला शिकवायचो.

मी काय घालावं, यावरून मात्र वाद झाला. नातीला मी चांदण्या चिकटवलेल्या झग्यात हवी होते. मी माझा जुना पांढरा कोट काढला. एकोणिसाव्या शतकात ज्याँ-यूजीन रोबेअर-उदँ (१८०५–१८७१) नावाचा एक फ्रेंच घड्याळजी जादूगार झाला. झगा आणि उंच टोपी बाजूला ठेवून, सभ्य पाहुण्यासारखा पोशाख करून तो रंगमंचावर यायचा. आधुनिक जादूचे प्रयोग त्याच्यापासून सुरू झाले असं मानतात. ही गोष्ट मी नातीला पुराव्यासकट ऐकवली. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि कोटाच्या पाठीवर तीन चांदण्या चिकटवल्या.

आता हंडी. जांभळा कोबी बारीक चिरून गरम पाण्यात पंधरा मिनिटं ठेवला आणि गाळला. गडद जांभळा अर्क मिळतो. वासाबद्दल बोलत नाही, घरच्यांनी पुरेसं बोलून घेतलंय. वास नको असेल तर गोकर्णाच्या निळ्या फुलांचं पाणीही चालतं. हा अर्क म्हणजे लिटमसचाच भाऊबंद. आम्लात गुलाबी होतो, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात निळा-हिरवट. आदल्या रात्री रंगीत तालीम घेतली, आणि ती शब्दशः रंगीत झाली. आमच्या नळाच्या पाण्यातच अर्क निळसर यायला लागला. पाणी किंचित आम्लारीधर्मी निघालं. दोन थेंब व्हिनेगर टाकल्यावर ताळ्यावर आलं. तालीम न घेता हे सगळ्यांसमोर झालं असतं तर ३४ वर्षांची अब्रू गेली असती.

प्रत्येक मुलापुढे एक पेला, त्यात पाण्यासारखं दिसणारं काहीतरी. कुणाकडे लिंबाचं पाणी, कुणाकडे सोड्याचं, कुणाकडे साधं. मुलांनी स्वतः पळीनं हंडीतला अर्क घेऊन ओतायचा आणि जो रंग येईल तो आपला गट. नियम एकच, तीनदा म्हणवून घेतलेला: टेबलावरचं काहीही तोंडात जाणार नाही. प्यायचं सरबत मुद्दाम दुसऱ्या खोलीत ठेवलं होतं. ‘रंग बदलणारं जादुई सरबत’ ही लेखातली कल्पना मला त्याचसाठी पटली नाही. लिंबू आणि कोबी पिऊन कुणाला काही होत नाही, पण ‘हंडीतलं प्यायचं असतं’ हे एकदा डोक्यात बसलं की पुढची हंडी कशाची असेल, सांगता येत नाही.

रंग आले, किंकाळ्या आल्या. आणि एका मुलीचे डोळे भरून आले. तिच्या पेल्यात निळा आला होता, जिवलग मैत्रिणीच्या पेल्यात गुलाबी. हे कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. गट पाडण्याची हौस मोठ्यांना. आठव्या वर्षी मैत्रिणीपासून तोडलं जाणं म्हणजे काय, ते आपण विसरलेलो असतो. मी तिच्या हातात चमचाभर लिंबाचा रस दिला आणि म्हटलं, “मंत्र म्हण आणि ओत.” मंत्र तिनं मनातल्या मनात म्हटला. पेला फसफसला, निळा जांभळा झाला, आणखी एक चमचा पडल्यावर गुलाबी.

त्यानंतर काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. सगळ्यांना लिंबू हवं होतं. पाच मिनिटांत १४ पैकी ११ जण गुलाबी गटात. उरलेल्या तिघांनी ‘आम्ही निळेच राहणार’ म्हणून वेगळं राज्य जाहीर केलं. माझ्या मुलानं रात्री जागून केलेला गुणतक्ता भिंतीवर तसाच कोरा लटकत राहिला. पुन्हा कधी करायचं झालं तर गट मी पाडणारच नाही.

फसलेलंही सांगायला हवं. केसांवर फुगा घासून कागदाचे कपटे उडवायचे होते. हवा दमट, एक कपटा हलेल तर शपथ. मुलं दोन मिनिटांत कंटाळली.

सगळ्यात जास्त वेळ चाललं ते मात्र कागदाच्या पट्टीवर. चार सेंटिमीटर रुंद, हातभर लांब पट्टी घ्यायची, एका टोकाला अर्धा पीळ द्यायचा आणि टोकं चिकटवायची. ऑगस्ट म्योबियस आणि योहान लिस्टिंग या दोन जर्मन गणितज्ञांनी १८५८ मध्ये स्वतंत्रपणे शोधलेली ही पट्टी. मधोमध कापत गेलं की दोन कडी होतील असं प्रत्येकाला वाटतं, होतं एकच, दुप्पट लांब. कडेपासून एक तृतीयांश अंतर ठेवून कापलं तर दोन कडी होतात, एक लांब आणि एक आखूड, एकमेकांत अडकलेली. चष्मा लावणारा एक मुलगा सगळं संपेपर्यंत जागचा हलला नाही. तो नवनवे पीळ देऊन बघत होता. त्याच्या बाबांना त्याला टोपीसकट उचलून न्यावं लागलं.

तेच बाबा मला म्हणाले, “आजी, गुपित फोडलं की मजा जाते हो.” मला तसं वाटत नाही. कोबीचं गुपित मी पोरांना शेवटी सांगून टाकलं. ज्याला सांगितलं नाही, तो एकदा बघतो. ज्याला सांगितलं, तो घरी जाऊन आपल्या आजोबांना करून दाखवतो, आणि मग जादूगार तो असतो.

मंत्रांचंही एक सांगते. दुसऱ्या-तिसऱ्या शतकाच्या सुमारास सेरेनस सॅमोनिकस या रोमन वैद्यानं तापावर तोडगा म्हणून ‘अब्राकाडब्रा’ हा शब्द लिहायला सांगितला होता. प्रत्येक ओळीत शेवटचं एक अक्षर कमी करत जायचं, तसा ताप कमी होतो म्हणे. रोमन लिपीत हा त्रिकोण ११ ओळींचा. आमच्या पोरांनी मराठीत लिहिला तर पाच ओळींतच संपला. “म्हणजे मराठीत ताप लवकर उतरतो,” नातीनं निकाल दिला. मी तिला सांगितलं, ताप शब्दानं उतरत नाही. ती म्हणाली, “माहितेय गं, पण मराठीत लवकर उतरतो.”

संपादक महाशय, लेखिकेवर माझा राग नाही. कागदाच्या घुबडांची तिची कल्पना आम्ही जशीच्या तशी उचलली. पण ड्राय आइसबद्दलच्या दोन ओळी आणि सेलबद्दलची एक, एवढा खुलासा पुढच्या पुरवणीत चौकटीत छापलात तर उपकार होतील. लेखाचं कात्रण सोबत जोडणार होते. मात्र कांड्यांसाठी कागद कमी पडला तेव्हा सुनेनं नेमकं तेच पान गुंडाळलं. ती कांडी सध्या नातीच्या उशाशी असते, आणि उलगडायची परवानगी मला मिळालेली नाही.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा सहाय्यक