पन्नास वर्षांनंतरचं पाणी

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबांनी विचारलं, "निवृत्त होतेयस खरी, पण इतकी वर्षं शिकवलंस काय गं? पाणी की पैसा?" मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न डोक्यातून जाईना.

आई, तुला तो लांबलचक आलेखाचा कागद आठवतो? टेबलावर पसरला होता आणि उडू नये म्हणून तू दोन टोकांना डबे ठेवले होतेस. नदीला महिन्यामागून महिना आलेल्या पाण्याची बेरीज करत वर चढणारी ती रेघ. 1883 साली रिप्ल नावाच्या अभियंत्यानं मांडलेली रीत. त्या रेघेला मागणीच्या उताराची पट्टी लावायची आणि दोन्हींत पडणारं जास्तीत जास्त अंतर मोजायचं; तेवढा साठा धरणात हवा. तू म्हणालीस, "म्हणजे डब्यात किती भरून ठेवायचं, तेच ना?" अगदी तेच. फक्त पुढचा दुष्काळ मागच्यासारखाच असेल असं तो कागद धरून चालतो, आणि नदीनं तसं काही कबूल केलेलं नसतं.

पैसा नंतर आला. 1936 च्या अमेरिकेतल्या पूरनियंत्रण कायद्यात लिहिलं गेलं की लाभ, मग तो कोणालाही होवो, खर्चाहून जास्त हवा. या 'कोणालाही'वर मी दरवर्षी अख्खा तास घालवते. घर बुडतं एकाचं, पाणी मिळतं दुसऱ्याला, आणि कागदावर उरतो एकच आकडा.

बाबा, खरी मेख पुढे आहे. पुढचा लाभ आजच्या किमतीत आणताना व्याजासारखा एक दर उलटा लावतात. पन्नास वर्षांनी होणारा 100 चा लाभ 8 टक्के दरानं आज जेमतेम 2 भरतो, 4 टक्क्यांनी 14. नदी तीच, भिंत तीच.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका प्रकल्पाचं लाभ-खर्च गुणोत्तर माझ्या हिशेबात 0.9 आलं, म्हणजे लाभ खर्चाहून कमी. "जरा परत बघा ना," असं सांगण्यात आलं. मी दर दीड टक्क्यानं खाली आणला, 1.1 झालं, सही केली. खोटं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. दोन्ही दर नियमात बसत होते. त्या सुट्टीत मी घरी गप्प गप्प होते, तेव्हा तुम्हाला वाटलं तब्येत बरी नाही. तब्येत ठणठणीत होती. बाबा, एका आकड्याच्या फरकासाठी रात्र जागून खतावणी तपासणाऱ्या तुमच्यासारख्या माणसासमोर जेवायला कसं बसायचं, ते कळत नव्हतं.

तेव्हापासून कोणी विद्यार्थी एकच उत्तर घेऊन आला की मी वही परत देते. तीन दर, तीन उत्तरं, आणि शेजारी एक रकाना: कोणाचं काय जाणार. सहकारी कुरकुरतात, यानं निर्णय सोपा होत नाही म्हणून. नाहीच होत.

पुढच्या गुरुवारी शेवटचा तास. तो जुना अहवाल वर्गासमोर ठेवणार आहे, माझ्या सहीसकट. एक प्रत सोबत पाठवतेय. बाबा, पेन्सिल घेऊनच बसा.

तुमची,
लेक