मुलांच्या परदेश प्रवासाच्या संमतीपत्राला एक ठरलेला नमुना द्या

मा. संपादक साहेब, नमस्कार.

माझी पुतणी 14 वर्षांची. एप्रिल-मेच्या सुट्टीत मस्कतला आत्याकडं जायचं हे तिचं दिवाळीपासून ठरलं होतं. दादा, म्हणजे तिचे वडील, सैन्यात आहेत, मराठा लाइट इन्फन्ट्रीत, सध्या लांब सरहद्दीवर, तिथं फोन लागला तर लागला नाहीतर आठ आठ दिवस काही नाही. वैनीला शेती आणि म्हाताऱ्या सासूला सोडून जाता येत नाही. म्हणून पोरगी एकटी जाणार होती, मुंबईत विमानात बसवायचं आणि तिकडं आत्या घ्यायला येणार.

पासपोर्टला काही त्रास झाला नाही हे आधी सांगतो. बेळगावच्या हेड पोस्टात पासपोर्ट सेवा केंद्र झाल्यापासून आमचे हुबळीचे हेलपाटे वाचलेत. अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी ॲनेक्श्चर डी म्हणून एक फॉर्म आहे, त्यावर आई-वडील दोघांनी सही करायची, डिसेंबर 2016 पासून तो साध्या कागदावर चालतो, नोटरी नको स्टॅम्प नको. दादा गणपतीत रजेवर आला होता तेव्हाच आम्ही त्याची सही घेऊन ठेवली आणि काम एका फेरीत झालं. त्यात काय लिहायचं, कोण सही करणार, सगळं छापलेलं, त्यामुळं कुणाला विचारायची गरजच पडत नाही.

घोळ झाला तो पुढं. निघायच्या आठ दिवस आधी तिकीट काढणारा म्हणाला, एकटं मूल जातंय तर आई-वडिलांचं संमतीपत्र लागेल. कसलं, कुठल्या नमुन्यात, तर म्हणे नोटरीकडं जावा, त्यांना माहीत असतं. बेळगावात एका नोटरीकडं गेलो. वैनीनं विचारलं वडील ड्युटीवर आहेत सही कशी आणायची, तर उत्तर आलं की आईची असली तरी पुरे, करून देतो. टायपिस्टनं त्याच्या कॉम्प्युटरवर जो मसुदा होता तोच काढला, कन्नडमध्ये, ई-स्टॅम्पवर, खाली गोल शिक्का. आम्हाला वाटलं सरकारी कागद आहे, झालं काम. शेजारचे एकजण म्हणाले याला अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का लागतो, आधी राज्य सरकारचा शिक्का मग परराष्ट्र मंत्रालयाचा, त्यासाठी बेंगळुरूला जायचं म्हणजे पाचशे किलोमीटर, दुसरे म्हणाले त्याची काही गरज नाही. कुणाचं खरं धरायचं? आठ दिवसांत बेंगळुरू होण्यासारखं नव्हतंच, मग ते सोडून दिलं.

मी आणि वैनी रात्रीच्या बसनं तिला घेऊन मुंबईला गेलो. टर्मिनलच्या दारात तिकीट असल्याशिवाय आत सोडत नाहीत, म्हणून पोरगी एकटी आत गेली, पाठीवर सॅक, एका हातात फाइल आणि दुसऱ्या हातात आत्यासाठी घेतलेला कुंद्याचा डबा. अर्ध्या तासानं फोन. काउंटरवरची बाई कागद हातात घेऊन म्हणतीय हे मला वाचता येत नाही, वडिलांची सही कुठाय. वैनी काचेच्या बाहेर उभी राहून फोनवर सांगायला लागली की मीच आई आहे, माझीच सही आहे त्यावर, मी इथं दारात उभी आहे. पण बाहेरच्या माणसाचं ऐकून त्या तरी काय करणार. सुपरवायझर आले, त्यांनी विचारलं वडिलांशी बोलून द्या, दादाचा फोन बंद. एका ठिकाणी दादाच्या आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर वेगळं आणि पासपोर्टवर वेगळं, तेही त्यांनी बोट ठेवून दाखवलं. काउंटर बंद झाला आणि विमान गेलं. पोरगी बाहेर आली तेव्हा रडली नाही, फक्त डबा वैनीच्या हातात दिला आणि म्हणाली आत्याला फोन कर, ती घरातनं निघाली असेल.

मी त्या कंपनीचं नाव घेत नाही आणि त्या काउंटरवरच्या बाईंना दोषही देत नाही. एकटं मूल देशाबाहेर निघालंय तर विचारलंच पाहिजे. पोरं फसवून नेण्याचे प्रकार होतात, नवरा-बायकोच्या भांडणात एकजण मूल घेऊन परस्पर परदेशात जातो असंही होतं, आणि मुलांना असं परदेशी नेण्याबद्दलचा 1980 चा जो हेग करार आहे त्यात भारत नाही, म्हणजे एकदा मूल गेलं की परत आणायचा मार्ग फार अवघड. तपासणी कडक असू दे की, माझ्या पुतणीला अडवलं म्हणून ती काढून टाका असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की कुठला कागद दाखवायचा ते आधी ठरवून छापून द्या. पासपोर्टला जसा ॲनेक्श्चर डी आहे तसा प्रवासाच्या संमतीपत्राला ठरलेला एकच सरकारी नमुना आपल्याकडं नाही, त्यामुळं नोटरी एक सांगतो, एजंट दुसरं, व्हिसावाले तिसरं, आणि काउंटरवरचा माणूस त्याला जे बरोबर वाटतं ते मागतो. वयाचंही तसंच, बहुतेक विमान कंपन्या 5 ते 12 वर्षांच्या मुलांना एकट्यानं जायचं असेल तर वेगळी सेवा घ्यायला लावतात, त्यात त्यांची माणसं मुलाला दारापासून दारापर्यंत नेतात, पण 14 वर्षांची मुलगी त्यात बसत नाही आणि मोठ्या माणसांतही बसत नाही.

बाहेरच्या देशांनी हे सोपं केलंय. कॅनडा सरकारनं संमतीपत्राचा नमुना वेबसाइटवर ठेवलाय, भरायचा आणि सही करायची. ब्राझीलमध्ये आई-वडिलांची परवानगी पासपोर्टवरच छापून मिळू शकते, म्हणजे वेगळा कागद हरवायचा प्रश्नच नाही. आपल्याकडंही पासपोर्ट काढतानाच आई-वडील दोघं सही करतात, तेव्हाच एक ओळ वाढवून विचारता येईल की मूल एकटं प्रवास करणार असेल तर तुमची मान्यता आहे का. सैनिकांच्या घरांसाठी, आखातात काम करणाऱ्यांच्या घरांसाठी तर याची फार गरज आहे, कारण दोघांच्या सह्या एका वेळी एका टेबलावर मिळणं हेच तिथं अवघड असतं.

आणि भाषेचं. आमच्या सीमाभागात हा कागद कन्नडमध्ये निघतो, तो मुंबईच्या काउंटरवर वाचला जात नाही, घरात वैनीलाही वाचता आला नाही, म्हणजे आईनं ज्यावर सही केली तो कागद आईला वाचता येत नव्हता, हे बरोबर आहे का? भाषिक अल्पसंख्याकांसाठी केंद्राचं 1956 चं मेमोरँडम आहे, जिथं 15 ते 20 टक्के लोक वेगळी भाषा बोलतात तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही छापायच्या असं त्यात आहे. खानापूर, बेळगाव, निपाणी भागात मराठी बोलणारे किती आहेत ते सगळ्यांना माहीत आहे. कन्नड काढा असं मी म्हणत नाही. एकाच पानावर कन्नड, इंग्रजी, मराठी तिन्ही असू द्या, इंग्रजी काउंटरसाठी आणि बाकीच्या दोन आई-वडिलांसाठी. कर्नाटक सरकारच्या ‘ग्राम वन’ (One) आणि ‘कर्नाटक वन’ या सेवा सेंटरवर जातीचे, उत्पन्नाचे दाखले मिळतातच की, तिथंच हा फॉर्म ठेवला तर खेड्यातल्या माणसाला बेळगावपर्यंतही यायला नको. आपल्या खासदारांनी हे परराष्ट्र मंत्रालयापुढं मांडावं आणि डीसी ऑफिसनं, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयानं, निदान एक बोर्ड तरी लावावा, काय काय लागतं ते लिहून.

पुतणी गेली शेवटी. दादाच्या युनिटमधनं सही केलेलं इंग्रजी लेटर स्पीड पोस्टानं यायला अकरा दिवस लागले, दुसरं तिकीट काढावं लागलं, आणि महिनाभर राहायचं ठरलं होतं ते पंधरा दिवसांवर आलं. दादाला पुढची रजा मिळेल तेव्हा वैनी त्याच्याकडनं आणखी तीन लेटरवर सह्या घेऊन ठेवणार आहे, धाकट्या पोरालाही पुढच्या वर्षी जायचंय. तारीख आणि फ्लाइट नंबर न टाकता आधी सही करून ठेवलेलं लेटर चालतं का, हे मी गेल्या महिन्यात तीन ठिकाणी विचारलं आणि तीन वेगळी उत्तरं मिळाली.

आपला,
एक वाचक, खानापूर तालुका