न शोषलेल्या कॅलरींचा माझा हिशेब

महोदय,

गॅस्ट्रिक बायपासविषयी आपल्या कालच्या पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. पहिल्यांदा उत्सुकतेने, कारण वजन कमी करण्यासाठीची ही शस्त्रक्रिया मी स्वतः नऊ वर्षांपूर्वी करून घेतली आहे. दुसऱ्यांदा पेन्सिल हातात घेऊन. लेखाची भाषा सोपी आहे, लेखकाचा हेतूही चांगलाच असावा, आणि एरवी मी पत्र लिहिण्याच्या भानगडीत पडले नसते. परंतु ‘खाल्लेल्या अन्नातील निम्म्या कॅलरी शरीरात शोषल्याच जात नाहीत, त्यामुळे वजन आपोआप आटोक्यात राहते’ हे वाक्य आपण चौकटीत, ठळक टायपात छापले आहे. तेच वाक्य माझ्या भाच्याने मला मोठ्याने वाचून दाखवले आणि वर म्हणाला, “आत्या, मग तुला तर काहीही खाल्लं तरी चालतं की!”

हे वाक्य मला नवे नाही. अगदी याच अर्थाचे एक कात्रण मी शस्त्रक्रियेच्या सुमारास माझ्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवले होते. ते कोणत्या दैनिकातले होते हे लिहून आपल्याला संकोचात टाकत नाही. माझे सारे आयुष्य हिशेब तपासण्यात गेले असल्यामुळे खाण्यापिण्याचाही जमाखर्च लिहिणे मला स्वाभाविक वाटले. पहिल्या रकान्यात पदार्थ, दुसऱ्यात कॅलरी, तिसऱ्यात ‘वजा : न शोषलेल्या, निम्म्या’ आणि शेवटी निव्वळ बेरीज. दिवसभरात १७०० कॅलरी पोटात गेल्या तरी वहीत ८५०च दिसत, आणि ती बेरीज पाहून मी रात्री समाधानाने झोपत असे.

पहिली दोन वर्षे ही वही खोटी आहे हे कळायला वावच नव्हता. भूक अशी लागतच नव्हती. दोन घास जास्त झाले की छातीत दाटून येई. त्या काळात मी ११८ किलोवरून ७६वर आले आणि त्याचे सगळे श्रेय तिसऱ्या रकान्याला देऊन मोकळी झाले. तिसऱ्या वर्षी भूक थोडी परतली, रात्री साखर घातलेले दूध आणि मूठभर सुका मेवा सुरू झाला, रकाना मात्र तसाच राहिला. चौथे वर्ष संपताना काटा ८७वर होता. हे अकरा किलो कुठून आले हे मला पुन्हा पुन्हा ताळा करूनही सापडेना, कारण वहीप्रमाणे मी जवळजवळ उपाशी होते.

शेवटी एका आहारतज्ज्ञ बाईंनी ती वही चाळली. त्या हसल्या नाहीत, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. त्यांनी तिसऱ्या रकान्यावर वरपासून खालपर्यंत एक रेघ ओढली आणि म्हणाल्या, “एवढा रकाना काढून टाका. बाकी वही उत्तम आहे.”

त्यांनीच मला २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातले आकडे समजावून सांगितले. बायपास झालेल्या मोजक्याच रुग्णांनी काय खाल्ले आणि त्यातले किती न पचता शौचावाटे बाहेर पडले, हे त्यात प्रत्यक्ष मोजले होते. आणि त्यांच्या शस्त्रक्रियेत आतड्याचा फाटा, म्हणजे पाचक रसांची गाठ पडण्याआधी अन्न जिथून उतरते तो भाग, नेहमीपेक्षा लांब ठेवला होता, म्हणजे गळती जास्तच दिसायला हवी होती. चौदा महिन्यांनंतर शरीराला मिळणाऱ्या कॅलरींमध्ये कमी खाण्यामुळे झालेली घट दिवसाला सुमारे १४०० होती. शोषण बिघडल्यामुळे झालेली घट होती १७२. एकूण घटीच्या जेमतेम ११ टक्के, आणि पाच महिन्यांनी मोजली तेव्हा तर सहाच टक्के. मी ८५० वजा करत होते! माझ्या हाताखालच्या एखाद्या कारकुनाने अशी वजावट दाखवली असती, तर मी त्याला उभे करून जाब विचारला असता.

असे का होते, हेही आपल्या लेखात चार ओळींत सांगता आले असते. या शस्त्रक्रियेत जठराच्या वरच्या टोकाला साधारण ३० मिलिलिटरची लहानशी पिशवी ठेवतात आणि लहान आतडे असे जोडतात की एका फाट्यातून अन्न उतरते, दुसऱ्यातून पित्त आणि स्वादुपिंडाचा रस येतो, आणि दोहोंची गाठ पुढे पडते. या दोन फाट्यांत मिळून दीड-दोन मीटर आतडे जाते. लहान आतडे सरासरी सहा मीटरच्या आसपास असते. म्हणजे अन्न आणि पाचक रस एकत्र आल्यावरही पचनासाठी बहुतेकांकडे चारेक मीटर शिल्लक राहते. साखर आणि पिष्टमय पदार्थांना तेवढी लांबी पुरून उरते. गळती होते ती मुख्यतः स्निग्धांशाची, कारण त्याला पित्ताची सोबत लागते. माझ्या रात्रीच्या दुधातली साखर कणभरही वाया जात नव्हती.

लेखकाच्या मनात बहुधा निराळीच शस्त्रक्रिया असावी. १९५०च्या दशकात लहान आतड्याचा बराचसा भाग वाटेतून वगळणारी एक पद्धत सुरू झाली होती आणि तिच्यात कॅलरी खरोखरच वाहून जात. त्याबरोबर यकृत निकामी होणे, मूतखडे आणि न थांबणारे जुलाबही येत, म्हणून ती सोडून द्यावी लागली. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ साली गॅस्ट्रिक बायपास केला तो वेगळ्या वाटेने, पोट लहान करण्यावर भर देऊन. आतड्यात जेवणानंतर स्रवणारी जीएलपी-१ आणि पीवायवाय ही संप्रेरके बायपासनंतर पुष्कळ वाढतात आणि मेंदूला ‘पुरे’ असा निरोप लवकर पोहोचवतात, हे पुढे कळले. पहिल्या दोन वर्षांत मला भूक नव्हती ती यामुळे, आणि माझे वजन उतरवण्याचे काम या निरोपाने केले होते.

वजन ‘आपोआप’ राहते या शब्दाचीही मला गंमत वाटली. अमेरिकेच्या यूटा राज्यातील रुग्णांचा बारा वर्षे केलेला पाठपुरावा २०१७ साली प्रसिद्ध झाला आहे. दोन वर्षांनी सरासरी ४५ किलो कमी, सहा वर्षांनी ३६, बारा वर्षांनी ३५. म्हणजे दुसऱ्या ते सहाव्या वर्षात सरासरीने नऊ किलो परत येतात आणि त्यानंतर वजन बरेचसे तिथेच टिकते. माझ्यासारख्या बाईला हे आकडे चौथ्या वर्षी माहीत असते, तर अकरा किलोंसाठी तिने स्वतःला चोर ठरवले नसते आणि ते कशामुळे आले हे शोधायला वर्षभर उशीरही केला नसता. आपण मात्र पहिल्या वर्षाचाच आकडा छापलात आणि पुढे ‘कायमचे’ असा शब्द जोडलात. खर्चाच्या बाजूचा तर लेखात उल्लेखच नाही. ७६ किलोचे शरीर ११८ किलोच्या शरीराइतक्या कॅलरी जाळत नाही. तेव्हा पूर्वी ज्या आहारावर वजन जागच्या जागी राहत असे, त्याच आहारावर आता ते चढते.

मला सर्वांत जास्त राग आला तो मात्र शेवटच्या परिच्छेदाचा. ‘सुरुवातीचे काही महिने जीवनसत्त्वांच्या गोळ्या घ्याव्या लागतात.’ काही महिने? बायपासमध्ये अन्नाची वाट आतड्याच्या ज्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालते, लोह आणि कॅल्शियम मुख्यत्वे तिथेच शोषले जाते. बी-१२ शोषून घेण्यासाठी जठरातले आम्ल आणि तिथेच तयार होणारे एक प्रथिन लागते, आणि अन्नाची त्या जठराशी नीट गाठ पडतच नाही. या गोळ्या किंवा इंजेक्शने जन्मभर घ्यायची असतात आणि वर्षातून एकदा तरी रक्त तपासायचे असते. सहाव्या वर्षी प्रकृती उत्तम आहे असे वाटून मी त्या बंद केल्या. दीड वर्षाने जिना चढताना मध्येच बसायची वेळ आली, तळपायांना मुंग्या येऊ लागल्या आणि हिमोग्लोबिन ८.२ निघाले. ज्या कॅलरी शोषल्या जाऊ नयेत म्हणून मी देव पाण्यात ठेवले होते, त्या जवळजवळ सगळ्या आत येत होत्या. आणि ज्या लोहाची गरज होती ते दारावरूनच परत जात होते. आपला लेख वाचून कोणी उद्या गोळ्यांचा डबा बंद करून ठेवला, तर त्याचा हिशेब कोणी द्यायचा?

आता आकृतीविषयी. पत्र लांबते आहे याची मला जाणीव आहे, पण हे सोडवत नाही. ‘बायपासनंतरचे पोट’ अशा मथळ्याखाली आपण जे चित्र छापले आहे, ते ‘स्लीव्ह’ या दुसऱ्याच शस्त्रक्रियेचे आहे. तीत जठराचा मोठा भाग उभा कापून काढतात आणि उरते एक अरुंद नळी. आतड्याला तीत हातही लावत नाहीत. आतड्यातून कॅलरी गळतात हे पटवून देणाऱ्या लेखासोबत, ज्यात आतडे आहे तसेच शाबूत आहे असे चित्र! शेजारी एका स्थूल स्त्रीचे पाठमोरे, मान कापलेले छायाचित्र आहेच. आम्हाला डोकी असतात, आणि काही जणी त्यांचा उपयोग वृत्तपत्र वाचण्यासाठी करतात.

माझे वजन आज ८१ किलो आहे. वही अजून लिहिते, तीन रकान्यांची. नव्या वहीच्या पहिल्या पानावर कात्रण नाही, गोळ्यांच्या वेळा आहेत. आपल्याकडून दुरुस्ती छापली जाणार असेल, तर ती जन्मभराच्या गोळ्यांपासून सुरू करावी, आणि आतील पानाच्या तळाशी बारीक टायपात न देता ज्या आकाराच्या चौकटीत ते निम्म्या कॅलरींचे वाक्य आले होते, त्याच आकाराच्या चौकटीत द्यावी. भाच्याला वाचून दाखवायची आहे.

आपली,
एक नियमित वाचक
(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे, कृपया छापू नये.)