आईच्या प्रश्नाचं उत्तर

ती. आई-बाबा,
सा. न.

फोनवर बाबांना निम्मं ऐकू येत नाही आणि आईला निम्मं ऐकायचं नसतं, म्हणून हे पत्र.

आई, परवा तू विचारलंस, "कुठे जायचंच नसतं तर उडतेस कशाला?" मी हसून विषय बदलला. खरं म्हणजे उत्तर सुचलं नव्हतं. काल संध्याकाळी वर होते तेव्हा तुझा प्रश्न सोबतच होता.

दुपारी मी सहसा उडत नाही. ऊन जमिनीला सारखं तापवत नाही; नांगरलेलं रान लवकर तापतं, तळं तापत नाही. तापलेल्या जागेवरून गरम हवा वर उसळते आणि मी बांधलेलं आपलं हलकं विमान त्यात शिरलं की खड्ड्यांच्या रस्त्यावरून जावं तसं आदळतं. दिवस कलला की हे सगळं निवत जातं. काल हवा इतकी स्थिर होती की ट्रिम लावून, म्हणजे विमान आपसूक समतोल राहील अशी जुळणी करून, स्टिकवरचा, म्हणजे विमान वळवायच्या दांड्यावरचा, हात काढून घेतला, तरी विमान आपलं सरळ चाललंय. खाली कुठेतरी कुणी पालापाचोळा पेटवला होता. धूर थोडा वर येऊन एका पातळीवर आडवा पसरला होता, जणू वर छत आहे.

बाबा, निघण्यापूर्वीची तपासणी तुमच्या शिस्तीनेच होते. टाकीच्या तळातून पेट्रोल काढून पाणी उतरलंय का ते उजेडात बघायचं. मग एकेक मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज देणारं यंत्र, बंद करून इंजिनाचे फेरे किती उतरतात ते बघायचं. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग आहेत, दोन्ही वेगवेगळ्या मॅग्नेटोंवर, म्हणजे एक रुसला तरी दुसरा घरी आणतो. तुम्ही विचारलं होतंत ना, मोटारीचं इंजिन का नाही बसवत? बसवलंय लोकांनी. पीटनपोल नावाच्या माणसाने १९२९ साली लाकूड-कापडाचं विमान बांधून त्याला फोर्डच्या मॉडेल ए गाडीचं इंजिन लावलं, आणि त्या आराखड्यावरून लोक अजून विमानं बांधतात. मला मात्र तेवढी हिंमत झाली नाही.

आणि आई, इंजिन बंद पडलं तर विमान दगडासारखं खाली येत नाही, तरंगत येतं. तीन हजार फुटांवरून सात-आठ किलोमीटर तरी जाता येतं. त्यामुळे मी सारखी खाली बघत असते. या रानात उतरता येईल, त्या रानात नाही, तिथे तारा आहेत. भीतीपोटी नाही गं, सवयच ती. तू नाही का कुणाच्याही घरी गेलीस की आधी मागचं दार कुठे आहे ते बघून ठेवतेस?

तर कालचं. तीन हजार फुटांवर गेलं की क्षितिज जरा खाली सरकतं, म्हणून खाली सूर्य बुडाला तरी वर तो तीन-चार मिनिटं दिसत राहतो. खालची झाडं आधीच काळवंडलेली आणि माझ्या पंखांवर अजून ऊन! मावळतीकडे कुणीही बघतं. मी विमान वळवून उगवतीकडे तोंड केलं. तिथे क्षितिजालगत एक निळसर करडा पट्टा हळूहळू वर चढत होता, त्याच्या डोक्यावर गुलाबी कड. तो ढग नव्हता. ती आपल्याच पृथ्वीची सावली. जमिनीवरूनही दिसते, पण मध्ये घरं, झाडं, आणि आपल्याला वेळ कुठे असतो.

त्या वळणात सगळं तिरकं ऊन डाव्या पंखावर आलं आणि बाबांची चंद्रकोर दिसली. आठवतं ना बाबा? विमान बांधायच्या त्या सात वर्षांत पत्रे जोडणारे दहा हजारांवर रिव्हेट मारले, आणि एकदाच तुम्ही म्हणालात, "मलाही दे ती गन." मी आतून लोखंडी ठोकळा दाबून धरला, गन निसटली आणि पत्र्यावर नखाएवढी कोर उमटली. तुम्ही दोन दिवस गप्प होता. रिव्हेट काढून परत मारू, पत्रा बदलू, काय काय म्हणत होता. मी तो रिव्हेट तपासला, पक्का होता, म्हणून कोर तशीच ठेवली. दुपारच्या उन्हात ती दिसतही नाही. संध्याकाळी तेवढी दिसते. आई, इथे मला तुझ्या प्रश्नाचं उत्तर जवळपास सापडलं होतं, पण आमच्या धावपट्टीवर दिवे नाहीत, उतरायला हवं होतं.

थ्रॉटल मागे घेतला, इंजिनाचा जोर कमी केला. खाली येताना हवेचे थर गालाला कळतात. सखल भागावर आलं की खिडकीच्या फटीतून एकदम गारवा आत येतो. चाकं टेकली ती कळली नाहीत. (दर वेळी असं होत नाही, हेही सांगून टाकते.) इंजिन बंद केल्यावर तापलेला धातू निवताना टिकटिक करत होता. बॅटरीच्या उजेडात पंखांच्या कडेवरचे किडे ओल्या फडक्याने पुसत बसले. ते रात्री वाळले की निघत नाहीत.

माझे एकटीने उडायचे चाचणीचे तास संपलेत. शेजारची सीट आता रिकामी ठेवायचं कारण नाही. बाबांच्या गुडघ्यांसाठी पंखावर चढायला दोन पायऱ्यांचं स्टूल केलंय. आई, तू शिवलेली उशी त्या सीटवर कधीची आहे. वजन आणि तोल यांचा हिशेब आधी कागदावर मांडावा लागतो, तेव्हा दोघांची वजनं कळवा. आई, तुझं खरं वजन, फोनवर सांगितलंस ते नव्हे.

तुमची,
लेक