खुंटीवरची माळ

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू गेल्याला आज अकरा दिवस झाले. पोचल्याचा मेसेज आईला आला, मला नाही. बरोबरच आहे. "माझ्या घरात असलं बोलायचं असेल तर बाहेर हो," असं मी म्हणालो होतो, मग मला कशाला कळवशील? घर तुझंही आहे. रागात तोंडातून गेलं. पण तूही एकादशीचा दिवस, हरिपाठ चाललेला, आजी टाळ धरून बसलेली, नेमकं तेव्हाच तुकोबांच्या बुडवलेल्या वह्या तेरा दिवसांनी इंद्रायणीतून कोरड्या निघाल्या ही गोष्ट खोटी, हे काढायला हवं होतं का? असो. भांडण उकरायला बसलेलो नाही.

तू गळ्यातून काढलेल्या तुळशीच्या माळेबद्दलही लिहायचं नाही असं ठरवलंय. तू देवघरातल्या खुंटीवर ठेवलीस, तिथेच होती. आई डबीत घालून ठेवत होती, मी म्हटलं राहू दे.

तू म्हणालास, "आप्पा, तेरा दिवस कागद नदीत राहिला तर लगदा होतो. असा कागद कुणी तुमच्या टेबलावर आणला असता तर 'खरी नक्कल'चा शिक्का मारला असतात का?" बाकीचं बोलणं मी विसरेन, हे नाही विसरणार. कारण भिजलेल्या कागदाचं काय होतं हे त्या खोलीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

तुझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. मी कचेरीच्या नकला विभागात नवा होतो. एका पावसाळ्यात रेकॉर्ड रूमचं छत गळलं आणि शनिवार-रविवार सुट्टी असल्यामुळे कुणाला पत्ताच नाही. सोमवारी कुलूप काढलं तर खालच्या फळीवरचे बस्ते पाण्यात. आम्ही तिघांनी ते व्हरांड्यात पसरले, वर दगड ठेवले. आतली पानं सुटेनात. सुटली ती हातात पिठासारखी आली. शाई उतरून फडकी निळी झाली होती. कुणाकुणाच्या बांधांचे, वाटपांचे कागद, सगळे गेले. दोन रात्री पाण्यात होते फक्त. तेरा नाही.

त्या संध्याकाळी घरी आलो तर तुझे आजोबा गाथा वाचत होते. मी पाय धुतले, शेजारी बसलो, आणि मला एकदम घाम फुटला. तुझा प्रश्न, बाळा, तुझ्या आधी मला पडून गेला आहे. मी तो कुणाला सांगितला नाही. तुझ्या आईलाही नाही. माळ मात्र काढली नाही. (बघ, आलंच.)

मग मला येत होतं तेच केलं. गाथेत जबाब शोधला. सापडला. "थोर अन्याय केला । तुझा अंत म्यां पाहिला", आणि त्याच अभंगाच्या शेवटी "उदकीं राखिले कागद । चुकविला जनवाद". तू म्हणशील, हा तर अर्जदाराचा स्वतःचाच जबाब. मान्य. मग विरुद्ध पक्षाचा बघ. वह्या बुडवायला लावणारे वाघोलीचे रामेश्वरभट्ट. त्यांच्याच नावाने आपण रोज आरती म्हणतो, "म्हणोनि रामेश्वरें चरणीं मस्तक ठेविलें". स्वतःच्या विरुद्ध जाणारा जबाब कुठल्याही कचेरीत वजनदार धरतात. आता तू विचारशील, त्या आरतीची सही तपासली का? नाही तपासली.

कुणी म्हणतात, वह्या बुडाल्याच, पण अभंग लोकांच्या तोंडी होते, त्यांनी पुन्हा उतरवले, म्हणून गाथा तरली. तुलाही हेच पटतं, ताईने सांगितलं. बोलणं समजूतदार आहे. पण त्याचा तरी पंचनामा कुठे आहे? तुला बरं वाटतं म्हणून तू ते धरतोस, मला बरं वाटतं म्हणून मी हे. फरक इतकाच की तुझ्या बाजूला लगदा आहे. माझ्या बाजूला काही नाही.

आणि अस्सल म्हणशील तर ऐक. तुकोबांचे अभंग उतरवून घेणाऱ्या संताजी जगनाड्यांच्या वहीवरून वि. ल. भाव्यांनी जो गाथा छापला त्याचं नावच 'अस्सल गाथा', त्यात अभंग तेराशेच्या आसपास. सरकारने १९५० साली छापला, जो आपल्या घरात आहे, त्यात ४६०७. नकलाकाराच्या डोक्याला मुंग्या याव्यात असा फेर. यातले सगळे तुकोबांचे नसणार, हे मला कळतं. आमच्यात नक्कल करणारा वेगळा आणि रुजवात घेणारा, म्हणजे ती मुळाशी ताडून बघणारा, वेगळा असतो, कारण लिहिणाऱ्याची नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरतेच. एकनाथांनी दुसरं काय केलं? ज्ञानेश्वरीत लोकांनी पदरच्या ओव्या घुसवल्या होत्या, तर शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, त्यांनी बसून रुजवात घेतली. ग्रंथ मुळात शुद्धच, पाठांतराने बिघडला, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. आणि यापुढे जो यात आपली ओवी घालेल त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा, म्हणून तंबीही दिली. तेव्हा तपासणं म्हणजे धर्म बुडवणं, असं मी कधी म्हटलेलं नाही. नाथ तपासायचे आणि पंढरीलाही जायचे. तपासणाऱ्याने गळा मोकळा ठेवलाच पाहिजे असा नियम

पुन्हा तिकडेच गेलो. आणि व्याख्यानही झालं. आई म्हणते तसं माझ्या अंगात निवृत्त कारकून शिरतो. माफ कर.

खरं सांगू? मला झोप लागली ती यातल्या कशाने नाही, "थोर अन्याय केला" एवढ्याने. ज्याला हवा तो पुरावा मिळाला, तोच माणूस म्हणतो की पुरावा मागितला हा माझा अन्याय. एकतीस वर्षांत दावा जिंकलेली माणसं मी खूप पाहिली. पेढे घेऊन यायची. असं शरमलेलं एकही पाहिलं नाही. याने कागद कोरडे होते हे सिद्ध होत नाही, मला कळतं. तुला पटावं म्हणून लिहीत नाही.

तुला देहू आठवतं? दुसरीत होतास. घाटावर मी आणि आत्या पाय धूत होतो, तू दप्तरातल्या पाढ्यांच्या वहीचं पान फाडून इंद्रायणीत सोडलंस आणि उकिडवा बसून बघत राहिलास. बाकीची पोरं पाणी उडवत होती. पान थोडं गेलं, वाकलं, बुडालं. तू माझ्याकडे बघितलंस. मी हसून म्हणालो, "तू तेरा दिवस थांबलास कुठे?" सगळे हसले. तू हसला नाहीस. परवाच्या भांडणाच्या रात्री तू जे म्हणालास, "तुम्ही मला तेव्हाही खोटं उत्तर दिलंत," ते त्याबद्दलच होतं ना? माझ्या ध्यानात दुसऱ्या दिवशी आलं. उत्तर खोटं नव्हतं, चुकवलेलं होतं. त्या पोराला सांगायला हवं होतं की मीही असंच पान बुडताना पाहिलंय. धीर झाला नाही. आणि मनातून अभिमानही वाटला होता, ते तर आजवर सांगितलं नाही.

"मानत नाही तर घालणं खोटेपणा," म्हणून तू माळ काढलीस. चोरून काढली असतीस, बाहेर अंडं खाऊन घरी येताना पुन्हा घातली असतीस, तर कुणाला कळलंही नसतं. तसं करणारे आपल्या दिंडीत आहेत. तू समोर काढून ठेवलीस. हे मी दिंडीत कुणाला सांगू शकत नाही, पण मला आवडलं. भीतीही वाटली. वारीच्या वाटेवर यवतला पिठलं-भाकरीच्या पंगतीत अनोळखी माणूस "माउली, सरका" म्हणतो आणि शेजारी बसतो. तिथे बंगळुरात तुला ताप आला तर कोण सरकेल? याचा माळेशी काही संबंध नाही, हे मला माहीत आहे. पण रात्री दोनला जाग आली की मला तो दिसतो.

माझा गुडघा सुजतोय, यंदा वारीत देहूपासून नाही, यवतपासूनच चालेन.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आजी परवा पडली. हाड मोडलं नाही, पण अंथरुणावर आहे. आपल्या भांडणाच्या रात्री काय झालं ते तिला नीट ऐकू आलं नव्हतं. तिने मला विचारलं, "पोराच्या गळ्यात माळ आहे ना रे?" मी म्हणालो, आहे. एकतीस वर्षं दुसऱ्यांचे कागद तपासले, आणि स्वतःच्या आईपुढे खोटा जबाब दिला. खुंटीवरची माळही मग मीच गाथेच्या मागे सरकवली. तू आलास की तुझी तू घे, नाहीतर तिथेच राहील. मी विचारणार नाही.

आजीला तुला मोबाइलवर बघायचंय. रविवारी संध्याकाळी लाव. शर्टाचं वरचं बटण लावून बस.

तुझे
आप्पा