शुभे, मी सही केली नाही

प्रिय शुभे,

दिवाळीत तुझा फोन आलेला, तो उचलायचा राहिला तो राहिलाच. मनात आणलं असतं तर दुसऱ्या दिवशी करता आला असता, पण नाही केला. रागव. गुडघे दुखतात, साखर आहे तिथंच आहे, यांचं बरं चाललंय. झालं तब्येतीचं.

सोमवारी मी सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसातून सही न करता उठून आले. आता हसशील. हस, तुझा हक्क आहे.

आठ दिवस आधी दादा आला होता. हातात कुंद्याचा डबा आणि वहिनीनं दिलेली इरकल. भाऊबीज नाही, जत्रा नाही आणि इरकल! तिथंच कळायला हवं होतं. चहा पिऊन झाल्यावर म्हणाला, "उताऱ्यावर अजून आप्पांचंच नाव आहे बघ. रिंगरोडचं चाललंय, उद्या पैसे आले तर अडकायला नको. एक सही लागत्या तुझी."

कागद सगळा कानडीत. दादाला वाटलं, हिला काय कळतंय. पण नऊ वर्षं बायकांच्या संघाचं वहीखातं लिहून माझं कानडी तुझ्या इंग्रजीपेक्षा बरं झालंय. बाकावर बसून बोट ठेवत वाचत गेले. घराजवळचा तुकडा, मग तळ्याकडची भाताची जमीन, जिथं आई कंबरभर पावसात रोप लावायची ती. आणि खाली ‘स्वखुशियिंद’, म्हणजे स्वखुशीनं हक्क सोडते. आपल्याच शब्दाला कानडी शेपूट! त्या शब्दावर बोट अडलं ते अडलंच. टायपिस्ट म्हणाला, "वाचायला काय आहे अक्का, सही माड्री." दादानं पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं.

मी म्हणाले, "आज नको दादा. मी येतो." (पुण्यात तू ‘मी येतो’ म्हणालीस तेव्हा तुझ्या नणंदा तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. हसूदेत. त्या घडीला मला ‘येते’ सुचलंच नसतं.)

बसमध्ये कंडक्टरनं शून्य रुपयाचं तिकीट हातात दिलं. जून २०२३ पासून असंच फुकट फिरतोय आम्ही कर्नाटकातल्या बायका. त्याच वर्षी ऑगस्टपासून इथल्या सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याला दोन हजार. चंदगडच्या धाकटीला लाडक्या बहिणीचे दीड हजार, म्हणजे सीमावादात मी पाचशेनं पुढे! मी चेष्टा करते, पण त्या पैशांनी फरक पडलाय, खोटं का बोलू. संघातल्या बायका आता औषधाला नवऱ्याकडे हात पसरत नाहीत. तालुक्याला एकट्या जातात, बँकेत भांडतात. पण रोप लावायचं त्यांनी, भांगलायचं त्यांनी, आणि सोसायटीत पीककर्ज मागायला गेल्या की पहिला प्रश्न, उतारा कुणाच्या नावावर? तिथं सगळ्या गप्प. आणि आठ मार्चला माईक धरून ‘जमिनीवर नाव लावून घ्या’ म्हणणारी कोण, तर मी. स्वतःच्या वेळी बाकावर घाम फुटला मला.

आता ते जुनं. २००३ साली तू तुझ्या भावाकडे वाटणी मागितलीस तेव्हा आत्याच्या माडीवर मी तुला काय काय बोलले, आठवतंय? "चार गुंठ्यांसाठी माहेर तोडलंस." तू पायऱ्या उतरून गेलीस, चप्पल घालायलासुद्धा थांबली नाहीस. तुला कधी सांगितलं नाही, मला हेवा वाटला होता. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारा कर्नाटकाचा कायदा ३० जुलै १९९४ ला लागू झाला, आणि त्याआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळलेल्या. तुझं लग्न ९६ चं, तुला भावाइतका वाटा. माझं ९२ चं, मला आप्पांच्या वाट्यातला वाटा, म्हणजे तुकड्यातला तुकडा. दोन वर्षांनी हुकले, बाई! मग २००५ चा केंद्राचा कायदा आला, तोवर आप्पा जाऊन चार वर्षं झाली होती. २०१५ च्या फुलवतीच्या निकालात सुप्रीम कोर्ट म्हणालं, ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात हवेत. तो दावा आपल्या बेळगावच्या कोर्टात १९९२ ला लागलेला, माझ्या हळदीच्याच वर्षी. शेवटी ऑगस्ट २०२० मध्ये तेच कोर्ट म्हणालं की हक्क जन्मापासूनच, वडील असोत नसोत. आमची वाटणी कधी झालीच नाही, म्हणजे मी आहे त्यात. वकिलाकडून खात्री करून घेतली. पाच वर्षं हे सगळं मला ठाऊक होतं आणि मी दादाकडे एक अक्षर काढलं नव्हतं.

दादा वाईट नाही गं. आप्पांच्या आजारपणात रात्र-रात्र त्यानं काढल्यात. नुसता समोर बसून म्हणाला असता, "तुझा एवढा वाटा, मला अडचण आहे, सोडशील का?" तर कदाचित मी सोडलाही असता. तो इरकल घेऊन आला, याचं लागलंय मला. यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझं तू बघ." हे स्वातंत्र्य म्हणायचं की अंग काढून घेणं?

तुझी लेक बाळंतपणाला आली का? सासूबाईंचा मोतीबिंदू काढला का? कळव.

सोमवारपासून दादाचा फोन नाही. वहिनीनं व्हॉट्सॲपवरचं देवाचं चित्र पाठवायचंही बंद केलंय. तुझा भाऊ पहिल्या भाऊबीजेला आला नव्हता ना? मग कधी आला? आधी फोन कुणी केला, तू की त्यानं? तेव्हा भांडायच्या नादात हे विचारायचं राहिलं. आणि त्या इरकलीची घडी मी अजून मोडलेली नाही. ती परत पाठवू का नेसू, तेवढं आधी सांग.

तुझी,
मंदा