तुझ्या ऑफिसच्या टेबलांबद्दल

सांगली
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय पम्या,

तुझा व्हॉइस मेसेज तीनदा ऐकला, बायको म्हणाली झोपा आता. तीन मजल्यांचं ऑफिस एका मजल्यावर आणतायत, चाळीसेक वर्कस्टेशन आणि खुर्च्या निघणार, स्वस्तात मिळतायत, उचलूया का आणि साताऱ्यात तुझ्या घराखालच्या गाळ्यात माझ्यासारखा जुन्या ऑफिस फर्निचरचा धंदा टाकूया का, असंच विचारतोयस ना? फोनवर अर्धवट बोलणं होतं, तू मधेच मीटिंगला पळतोस, म्हणून सगळं लिहूनच काढतो.

पहिल्यांदा माझी फजिती ऐक. हिंजवडीतनं पहिला लॉट उचलला तेव्हा मी पण असाच फोटो बघून खूश झालो होतो. चाळीस सीट, पाच बाय दोनचे टॉप, खाली तीन ड्रॉवरचं पेडेस्टल, १,८०० रुपये सीट. म्हटलं मर्दा लॉटरी लागली. आयशर आणि हमाली धरून १६,००० गेले, इथं कुपवाड रोडला शेडमध्ये उतरवलं, मिस्त्रीनं पहिलं टेबल उभं केलं आणि माझ्याकडं बघत बसला. दुसऱ्याला पायच नाहीत! ती टेबलं एका रांगेत जोडलेली असतात ना, तर मधला पाय दोन टेबलांत एकच असतो. म्हणजे चाळीस टेबलं घेतली तरी सुटी केली की पाय निम्म्याच्या आसपास. विकणारा खोटं बोललाच नव्हता, त्यानं सीट विकल्या होत्या, मी टेबलं समजून घेतली. आठवडाभर शेडकडं गेलो नाही.

मग हळूहळू डोकं चालायला लागलं. एक अभ्यासिकेवाला आला, स्पर्धा परीक्षेची पोरं बसतात त्याच्याकडं, त्याला अडीच बाय दोनची टेबलं हवी होती. पाच फुटी टॉप मधून कापला की बरोब्बर दोन. ब्लेडची जाडी जाते तेवढी जाते. कापलेल्या बाजूला एजबँड, म्हणजे कडेची पट्टी, मारायचीच हं, नाहीतर बोर्डातला दाबलेला भुसा पाणी पितो आणि पुरीसारखा फुगतो. पाय चौकोनी पाइपचे नवे करून घेतले, पावडर कोटिंगला दिले. आणि सगळ्यात भारी म्हणजे ती कापडी पार्टिशनं, जी मी भंगारात काढणार होतो, ती दोन पोरांच्या मधे उभी केली. पोरं त्यावर टाचण्या मारून टाइमटेबल लावतात. त्या पार्टिशनमुळंच ऑर्डर पक्की झाली असं मला वाटतं.

हिशोब सांगतो, तुला आकडे लागतात. सीट गाडीभाड्यासकट २,२०० ला पडली, त्यातलं पेडेस्टल वेगळं १,२०० ला गेलं, राहिला १,००० चा टॉप, म्हणजे एका टेबलाला ५०० चा बोर्ड. पाय १,०५०, कोटिंग २५०, कटिंग-एजबँड १८०, मजुरी ३००, पोचवणं १५०. झाले २,४३०. विकलं ३,४०० ला. ९७० राहतात, त्यात शेडचं भाडं, लाइटबिल आणि थकलेली उधारी. बघ, बोर्डापेक्षा पाय महाग आहेत, त्यामुळं लॉट फुकट मिळाला तरी नफा काही दुप्पट होत नाही.

खुर्च्यांचं वेगळंच. त्याच अभ्यासिकेत मी चाकाच्या खुर्च्या दिल्या, चांगल्या मेशच्या. चौथ्या दिवशी फोन, पोरं भांडायला लागलीत, फरशीवर खडखड होते. चाकाची दांडी ११ मिमीची असते, त्याच भोकात नायलॉनचा बुश, म्हणजे न फिरणारा पाय, बसतो. सगळी चाकं काढून बुश मारून दिले, माझ्या खर्चानं. आता मी आधीच विचारतो, खाली फरशी आहे का कार्पेट.

आणि सांगलीत अजून एक प्रश्न प्रत्येकजण विचारतो, "पाणी आलं तर?" २०१९ ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५. गावभागातल्या लोकांनी भुशाच्या बोर्डाची कपाटं पोत्यानं फेकलीत. म्हणून आता आम्ही बोर्डात पितळी नट बसवतो आणि फ्रेम बोल्टनं आवळतो, साधा स्क्रू भुशात दुसऱ्यांदा धरतच नाही. बोल्ट सोडवायची एलन-की टेबलाखालीच टेपनं चिकटवून देतो. पाणी चढायला लागलं की दहा मिनिटांत टॉप सुटा करून माडीवर. एका वकिलाच्या ऑफिसनं फक्त एवढ्यासाठी सहा टेबलं घेतली, रंग कोणता हे विचारलं पण नाही.

साताऱ्यात हा प्रश्न येणार नाही, तिथं लोक दुसरं काहीतरी विचारतील. ते काय, हे आधी शोध, दोन-चार क्लासवाले नि दवाखानेवाल्यांकडं चहा पी, मग गाळ्याचं बोलू.

सीएचं पण ऐकून घे. जुना माल घेऊन जवळजवळ तसाच विकला, घेताना इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं नाही, तर जीएसटी फक्त मार्जिनवर, म्हणजे खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. पण आपण कापून, पाय बदलून वस्तूच वेगळी केली की ती सवलत विसरायची. पेडेस्टल एका वहीत, टेबलं दुसऱ्या वहीत. माझा पहिल्या वर्षी याच्यात घोळ झाला, परत नको.

आणि तू तिथं नोकरीला आहेस, तेव्हा बोली माझ्या नावानं लागेल, आणि आपली दोस्ती आहे हे तू एचआरला आधी लेखी कळव. उगाच नंतर कुजबुज नको.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं येतो. वहिनींना सांग भडंग आणतोय, तिखटवाला. तोवर एक कर, जेवणाच्या सुट्टीत खुर्च्या एकेक करून पूर्ण वर घे, पाच मिनिटं बसून राहा, खाली सरकली तर हायड्रोलिक गेलंय, तिच्यावर खडूनं फुली मार. आणि जरा वाकून टेबलांखाली बघ. पाय किती आहेत तेवढं मोजून ठेव.

तुझाच,
बंड्या